शाकुहाचीचं पान हातात आलं की: अनोळखी स्वरलिपी वाचण्याची रीत

भातखंडे पद्धतीने लिहिलेल्या बंदिशीत स्वराच्या डोक्यावर टिंब दिसलं की तो तार, म्हणजे वरच्या, सप्तकातला. तेच टिंब पलुसकर पद्धतीच्या जुन्या वहीत दिसलं तर तो मंद्रातला, म्हणजे खालच्या सप्तकातला, कारण तिथे तार सप्तकासाठी स्वरावर उभी रेघ काढतात. दोन्ही लिप्या आपल्याच, संगीतही तेच, आणि एवढ्याशा टिंबाचा अर्थ पार उलटा. लहानपणी एका पद्धतीत परीक्षा देऊन मोठेपणी दुसऱ्या पद्धतीचं पुस्तक उघडणाऱ्यांना हा गोंधळ चांगला ठाऊक असतो.

जपानच्या बांबूच्या बासरीचं, म्हणजे शाकुहाचीचं, पान वाचायला घेताना हा अनुभव फार कामी येतो. तिथेही एकच एक स्वरलिपी नाही. घराण्यागणिक चिन्हं बदलतात, आणि काही ठिकाणी चिन्ह तेच राहून अर्थ बदलतो. मी आधी बासरी शिकले आणि शाकुहाचीकडे बऱ्याच उशिरा वळले. सुरुवातीला पानावर दिसेल ते चिन्ह तक्त्यात शोधायचं आणि वाजवायचं, असा माझा क्रम होता. तो चुकीचा होता. आधी पान कोणाचं ते ओळखायचं, मग चिन्हांकडे वळायचं. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच क्रमाने लिहिल्या आहेत.

आधी वाद्याची थोडक्यात ओळख

शाकुहाची उभी धरून वाजवतात. वरच्या तोंडाला तिरका छेद दिलेला असतो आणि त्याच्या कडेवर फुंकर घ्यायची असते. भोकं पाचच, चार पुढे आणि एक मागे अंगठ्याचं. नेहमीच्या वाद्याची लांबी जपानी मापात १ शाकु ८ सुन, म्हणजे साधारण ५४.५ सेंटिमीटर, आणि नावही त्यावरूनच पडलं आहे: ‘हाची’ म्हणजे आठ. या लांबीच्या वाद्याची सगळी भोकं बंद केली की हार्मोनियमची पांढरी दोन मिळते. तिला सा मानून एकेक भोक उघडत गेलात तर सा, कोमल ग, म, प, कोमल नि असे स्वर निघतात. आपल्याकडच्या धानी रागाचे स्वर. बासरीवाल्याला हे ऐकून जरा घरी आल्यासारखं वाटतं.

पहिली पायरी: हे पान शाकुहाचीचंच आहे ना?

प्रश्न बाळबोध वाटेल, पण जुन्या पानांच्या गठ्ठ्यात सगळी वाद्यं एकत्र येतात. शाकुहाची कोतो आणि शामिसेन या तारवाद्यांच्या साथीनेही वाजते, त्यामुळे त्या वाद्यांची पानंही सोबत असतात. पानभर जपानी आकडेच आकडे दिसत असतील तर ते बहुतेक कोतोचं. कोतोला तेरा तारा असतात आणि तिच्या लिपीत प्रत्येक तारेचा क्रमांक लिहितात. पहिल्या दहा तारांना आकडे, शेवटच्या तीन तारांना स्वतंत्र अक्षरं.

आडव्या धरायच्या शिनोबुए या छोट्या बासरीची लिपीही आकड्यांचीच असते. तिथे खालच्या सप्तकाला जपानी आकडे आणि वरच्या सप्तकाला पाश्चात्त्य आकडे वापरतात. नोह या पारंपरिक जपानी नाटकातल्या बासरीचे विद्यार्थी तर ‘ओ-ह्या-रा’ असे बोल तोंडपाठ करतात, आपण तबल्याचे बोल पढंत करतो तसे. या तिघांपैकी कुठल्याही पानाला शाकुहाचीचा तक्ता लावलात तर हाती काहीच लागणार नाही.

शाकुहाचीच्या पानावर आकडे कमी आणि कोनदार, सुटसुटीत अक्षरं जास्त असतात. ही काताकाना लिपी. आणि अक्षरांच्या शेजारी बारीक टिंबं, रेघा, वळणं.

दुसरी पायरी: पान सरळ धरा

वाचन वरून खाली, आणि ओळी उजवीकडून डावीकडे. रचनेचं नाव बहुधा उजव्या कडेला असतं. तिथूनच सुरुवात करायची.

तिसरी पायरी: घराणं ओळखा

सगळं पुढचं वाचन यावर अवलंबून आहे, म्हणून इथे घाई करू नका.

आज जगभर सर्वांत जास्त दिसतात ती किंको-र्यू आणि तोझान-र्यू या दोन घराण्यांची पानं. ‘र्यू’ म्हणजे घराणं किंवा परंपरा. किंकोचं नाव कुरोसावा किंको (१७१०–१७७१) यांच्यावरून आलं. फुके या झेन बौद्ध पंथाचे भिक्षू डोक्यावर विणलेली टोपली घालून जे ध्यानपर संगीत वाजवत, त्यातल्या रचना त्यांनी जमवल्या आणि घडवल्या. तोझान हे बरंच अलीकडचं. नाकाओ तोझान यांनी ते १८९६ मध्ये ओसाकात सुरू केलं, आणि त्यांच्या लिपीवर पाश्चात्त्य स्वरलेखनाची स्पष्ट छाप आहे. तिसरा प्रवाह मेइआन, क्योतोच्या मेइआन मंदिराशी जोडलेला. फुके पंथावर सरकारने १८७१ मध्ये बंदी घातली, तरी त्याचं संगीत या वादकांनी टिकवलं. चौथं नाव चिकुहो-र्यू. त्याची पानं कमी दिसतात, पण दिसली की पुरता गोंधळ उडवतात.

ओळखायच्या खुणा अशा. पानावर आडव्या रेघा मारून मात्रांचे खण पाडले असतील आणि अक्षरांच्या बाजूला एक किंवा दोन उभ्या रेघा असतील, तर ते तोझान. अक्षरांच्या डाव्या-उजव्या बाजूला आलटून पालटून टिंबं असतील तर किंको. टिंबंही नाहीत, खणही नाहीत, फक्त अक्षरं आणि त्यांच्यापासून खाली ओढलेल्या कमी-जास्त लांबीच्या रेघा असतील, तर ते मेइआन किंवा किंकोचीच मुक्त लयीतली ‘होनक्योकु’, म्हणजे भिक्षूंची मूळ रचना, असण्याची शक्यता मोठी.

लयीच्या खुणा नीट दिसत नसतील तर पाचवा स्वर शोधा. कोमल नि साठी तोझानमध्ये ‘हा’ हे अक्षर येतं, तर किंकोमध्ये खालच्या सप्तकात ‘री’ आणि वरच्या सप्तकात ‘ही’. काताकानातला ‘हा’ म्हणजे छपरासारख्या दोन्ही बाजूंना उतरणाऱ्या दोन रेघा. ‘री’ म्हणजे शेजारी शेजारी दोन उभ्या रेघा, उजवी लांब. घाईत लिहिलेल्या हस्ताक्षरात हे दोन सारखे दिसू शकतात, म्हणून एकाच जागी न अडकता पानभर नजर फिरवून चार-पाच ठिकाणी ताडून पाहा. किंकोतही ‘हा’ हे अक्षर येतं, पण तिथे बहुधा शेजारी भोकाचा आकडा लिहिलेला असतो आणि ते खास बोटरचनेचं चिन्ह असतं.

चौथी पायरी: पाच अक्षरं डोळ्यांनी आणि तोंडाने पाठ करा

किंकोची मूळ पाच अक्षरं: रो, त्सु, रे, ची, री.

रो म्हणजे चौकोन. सगळी भोकं बंद, सा. त्सु म्हणजे वर शेजारी शेजारी दोन छोटे फटकारे आणि त्यांच्या उजवीकडून खाली डावीकडे आलेलं वळण. तळाचं पहिलं भोक उघडं, कोमल ग. रे म्हणजे शिक्षिका वहीत ‘बरोबर’ची खूण करतात ना, हुबेहूब तशी. तळाची दोन भोकं उघडी, म. ची म्हणजे वर एक तिरका छोटा फटकारा, त्याखाली आडवी रेघ, आणि तिच्यातून खाली उतरून डावीकडे वळलेली तिसरी रेघ. हा प. री वर सांगितलाच, तो कोमल नि. ची आणि री यांची बोटं परंपरेप्रमाणे थोडी बदलतात, तेवढी आपल्या घराण्याच्या तक्त्यातून घ्या.

चिकुहोच्या पानावर हीच पाच पदं फु, हो, उ, ए, या अशी येतात. फु दिसतो पाश्चात्त्य सातच्या आकड्यासारखा. हो म्हणजे अधिक चिन्हाच्या खालच्या दोन कोपऱ्यांत दोन फटकारे. हे सोपं वाटतं, आणि खड्डा नेमका इथेच आहे. ‘उ’ हे अक्षर किंकोतही येतं, पण तिथे त्याचा स्वर म आणि प यांच्या मधला आहे. चिकुहोमध्ये ‘उ’ म्हणजे शुद्ध म.

अशा एका पानावर मी दोन आठवडे घालवले होते. फु आणि हो अनोळखी म्हणून तक्त्यात शोधले. उ मात्र ओळखीचा, म्हणून किंकोसारखाच वाजवला. प्रत्येक वाक्यात एक स्वर जेमतेम अर्ध्या स्वराने वर लागत होता. मी फुंकरीला दोष देत राहिले, हनुवटी वर-खाली करत राहिले. चूक वाचनात आहे हे फार उशिरा लक्षात आलं. तेव्हापासून नियम केला आहे की नव्या घराण्याच्या पानावर ओळखीचं वाटणारं अक्षर सर्वांत आधी तपासायचं.

अक्षरं पाठ करताना ती गा. शाकुहाचीचे शिक्षक स्वतः ‘रो, त्सु, रे’ असं गाऊन शिकवतात. आपण सरगम म्हणतो तसंच हे आहे. डोळा, तोंड आणि बोट एकत्र बांधली गेली की तक्ता बाजूला ठेवता येतो.

पाचवी पायरी: सप्तक कुठलं?

किंकोतले री-ही सोडले तर या अक्षरांना स्वतःचं सप्तक नसतं. खालचा रो आणि वरचा रो दोघेही चौकोनच. सप्तक सांगायला बाजूला छोटं चिनी अक्षर येतं. खालच्या सप्तकाला ‘ओत्सु’, ते इंग्रजी झेडला गोलाई दिल्यासारखं दिसतं. वरच्याला ‘कान’, म्हणजे चार खणांचा चौकोन आणि मधून खाली उतरलेली दांडी. त्याहून वर ‘दाइकान’, ज्यात कानच्या वर हातपाय पसरलेल्या माणसासारखं अक्षर असतं.

हे चिन्ह एकदा लिहिलं की पुढचं चिन्ह येईपर्यंत लागू राहतं. पानाच्या मध्यापासून वाचायला घेतलंत तर आधी उलट मागे जाऊन शेवटचं सप्तकचिन्ह शोधा. मी सरावाच्या प्रतीवर प्रत्येक ओळीच्या डोक्याला पेन्सिलीने ‘ओ’ किंवा ‘का’ लिहून ठेवते.

सहावी पायरी: मेरी आणि कारी. इथे थांबा, इथेच शाकुहाची आहे

पाच अक्षरांच्या मधले स्वर बहुतेक ठिकाणी नव्या अक्षरांनी लिहिलेले नसतात. मूळ अक्षराच्या बाजूला छोटीशी तिरकी फुली काढतात. ती फुली म्हणजे ‘मे’, मेरीचा मे. हनुवटी खाली आणायची, फुंकरीचा कोन बदलायचा, गरजेप्रमाणे भोकही अर्धवट झाकायचं, आणि स्वर खाली ओढायचा. उलट ‘का’ हे अक्षर असेल तर कारी, म्हणजे हनुवटी वर आणि स्वर वर. फुलीच्या आधी मधून दांडी गेलेला चौकोन असेल तर चू-मेरी, म्हणजे मध्यम उतार. हातपाय पसरलेला माणूस असेल तर दाइ-मेरी, म्हणजे पूर्ण उतार.

उदाहरणासाठी एक छोटं वाक्य घेऊ. वर ओत्सुचं चिन्ह. त्याखाली रो आणि त्यापासून लांब रेघ. मग त्सु, बाजूला फुली. मग रे. पुन्हा फुलीचा त्सु. शेवटी रो, आणि पानाच्या तळापर्यंत रेघ.

सरगमात हे होईल सा, कोमल रे, म, कोमल रे, सा. कारण किंकोत त्सु-मेरी म्हणजे कोमल ग वरून खाली ओढून आणलेला कोमल रे. यात प आणि कोमल ध मिळवा, की जपानी संगीतातला सर्वांत ओळखीचा स्वरसमूह तयार होतो. आपल्या गुणकली रागाचे हेच पाच स्वर. पहिल्यांदा हे वाक्य वाजवलं तेव्हा पहाटेच्या रियाजाची आठवण होऊन मी थांबलेच होते.

पण सरगम लिहून तिथेच थांबलात तर वाक्याचा जीव निसटतो. रो भरदार, उघडा लागतो. त्सु-मेरी मुळातच दबका, झाकलेला लागतो, कारण भोक जवळजवळ बंद आणि हनुवटी खाली असते. तो मोठा करायचा प्रयत्न करू नका. भरदार, दबका, उघडा, दबका, भरदार असा आवाजाचा चढउतार हा या वाक्याचा अर्थाचाच भाग आहे. तो लिहिलेला असतो, फक्त अक्षराच्या निवडीतून लिहिलेला असतो.

किंकोत उ आणि ची-मेरी यांची उंची जवळजवळ सारखी आहे. तरी लिहिणाऱ्याने एके ठिकाणी उ लिहिला आणि दुसरीकडे ची-मेरी, तर त्यामागे रंगाचा विचार आहे. जे अक्षर लिहिलं आहे तेच बोट लावा. मला कुणी विचारलं की ही लिपी सरळ सरगमात उतरवून का वाजवू नये, तर माझं उत्तर हेच असतं. समजण्यासाठी जरूर उतरवा, वाजवताना मूळ अक्षरं समोर ठेवा.

त्यातून आणखी एक गोष्ट निघते. अक्षर बोटाची जागा सांगतं, स्वराची ठराविक उंची सांगत नाही. १.६ शाकुच्या वाद्यावर रो वाजवला की साधारण पांढरी तीन येईल, २.४ च्या लांब वाद्यावर खालची पांढरी सहा. पान तेच राहतं. वेगळ्या पट्टीची बासरी उचलल्यावर आपणही सा ला साच म्हणतो, त्यामुळे याची आपल्याला वेगळी सवय करावी लागत नाही.

सातवी पायरी: लय

तोझानमध्ये काम तुलनेने सोपं आहे. अक्षराच्या बाजूच्या उभ्या रेघा मोजा. एक रेघ वाढली की काळ निम्मा. खणाच्या आडव्या रेघा मात्रांचे गट दाखवतात. पाश्चात्त्य स्वरलेखन येणाऱ्याला हे दोन दिवसांत जमतं.

किंकोची टिंबं जरा वेळ घेतात. उएहारा रोकुशिरो आणि अराकी कोदो (दुसरे) यांच्या काळात, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, ही टिंबांची पद्धत आकाराला आली. एका बाजूचं टिंब ‘ओमोते’, दुसऱ्या बाजूचं ‘उरा’. मांडीवर टाळी देताना हात खाली पडतो तो एक आणि वर उचलला जातो तो दुसरा, असं समजा. वाद्य बाजूला ठेवा, एका हाताने मांडीवर ठेका धरा, दुसऱ्या हाताचं बोट टिंबांवरून खाली सरकवा आणि अक्षरं म्हणा. दोन टिंबांमध्ये जास्त अक्षरं दाटीने आली की ती जलद म्हणायची.

एक सावधगिरी. तोच स्वर पुन्हा येतो तेव्हा अक्षर परत न लिहिता छोटा तिरका फटकारा देतात. तो टिंबासारखा दिसतो. ओळखायचं असं: टिंब ओळीच्या बाजूला असतं, फटकारा अक्षरांच्याच ओळीत. आणि पुनरावृत्त स्वर जिभेने तोडायचा नाही. परंपरेत जीभ वापरत नाहीत, बोटाने एखाद्या भोकावर हलका आघात करून स्वर वेगळा करतात.

होनक्योकुमध्ये मात्रा मोजायच्याच नाहीत. एक वाक्य, एक श्वास. रेघ लांब असेल तर स्वर लांब, पण किती लांब ते तुमच्या श्वासावर. श्वास कुठे घ्यायचा याची खूण पानावर असते, ती घराण्याप्रमाणे वेगळी दिसते. माझा सराव असा आहे की वाद्य न घेता नुसती फुंकर सोडत वाक्य वाचायचं. श्वास वाक्याच्या आधी संपत असेल तर स्वर कुठे आखडायचा, ते तेव्हाच ठरवायचं.

आठवी पायरी: बारीक अक्षरं

मुख्य ओळीच्या बाजूला आणखी बारीक अक्षरं असतात, ती वाजवण्याच्या क्रियांची नावं. नेहमी भेटणारी थोडीच आहेत. नायाशी: स्वर खालून, हनुवटी दाबून सुरू करायचा आणि वर आणायचा, आपल्या मींडेच्या जवळचा प्रकार. युरी: स्वराला हेलकावा, तोही मानेने. लाटेसारखी वळणदार रेघ दिसली तर बहुधा हाच. मुराइकी: फुंकर मुद्दाम खरखरीत आणि जोरकस. कोरो-कोरो: दोन भोकांवर बोटं आलटून पालटून चालवत केलेला खळाळ.

काताकानाची सगळी अक्षरं एका आठवड्यात शिकता येतात. ती शिकाच. मग ही नावं चित्रं म्हणून लक्षात ठेवावी लागत नाहीत, सरळ वाचता येतात.

अक्षराशेजारी जपानी आकडा असेल तर तो भोकाचा क्रमांक. तळाच्या पुढच्या भोकापासून मोजायचं, अंगठ्याचं पाचवं. एक, दोन, तीन हे आकडे म्हणजे तितक्याच आडव्या रेघा, त्यामुळे ओळखायला अडचण येत नाही.

नववी पायरी: ऐका, पण त्याच घराण्याचं

पान आणि ध्वनिमुद्रण एकाच परंपरेतलं असलं पाहिजे. १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांसोबत अंतराळात पाठवलेल्या तबकडीवर गोरो यामागुची यांची शाकुहाची आहे. ते किंको परंपरेचे वादक. असं वादन मेइआनचं पान समोर ठेवून ऐकलंत तर जागोजागी ‘हे कुठे लिहिलंय?’ असा प्रश्न पडेल, जरी रचनेचं नाव सारखं असलं तरी.

पहिल्यांदा नुसतं ऐका. दुसऱ्यांदा बोट पानावर ठेवून ऐका आणि श्वासाच्या जागांवर पेन्सिलीने खूण करा. तिसऱ्यांदा फक्त फुल्यांकडे लक्ष द्या. प्रत्येक मेरी किती खाली जाते, स्वर तिथे किती वेळ राहतो, आवाज किती दबतो. लिहिलेल्यापेक्षा वेगळं काही ऐकू आलं की ते बाजूला टिपा. आपल्याकडे बंदिशीच्या पुस्तकात नसलेली जागा गुरू तोंडी देतात, तसंच तिथेही चालतं. छापील पानावर शिक्षकाने पेन्सिलीने केलेल्या खुणा पुढच्या विद्यार्थ्याच्या प्रतीवर जातात.

पहिलं पान निवडताना सहा-सात ओळींचंच निवडा. त्याची छायाप्रत काढा, समासात प्रत्येक अक्षराचा उच्चार देवनागरीत लिहा, मेरी असेल तिथे अक्षराखाली छोटी फुली द्या. दहा-बारा दिवसांनी कोरी प्रत काढा आणि तिच्यावरून वाजवा. जिथे अडखळाल, फक्त तेवढ्या जागेचा उच्चार पुन्हा लिहा.